अणू की ऊन?

कोळसा आणि खनिज तेल यांवाचून आपले दिवे आणि कारखाने कसे चालवावयाचे, हा प्रश्न आज साऱ्या जगापुढे आहे. त्याची चर्चा निघाली की बहुधा दोन पक्ष पडतात. एक अणुशक्तीचा, दुसरा ऊन-वाऱ्याचा. दोन्ही पक्ष परस्परांचे दोष इतक्या हिरिरीने दाखवितात की, ज्याला घालवावयाचे तो कोळसा बाजूलाच राहतो! युरोपातील दोन शेजारी देशांनी येथे दोन निराळ्या वाटा धरल्या. त्यांचा हिशेब आपण शांतपणे पाहू.

पहिला देश फ्रान्स. १९७३ साली अरब-इस्रायल युद्धानंतर तेलाचे भाव कडाडले. स्वतःचे तेल जवळजवळ नसलेल्या या देशाने १९७४ साली, मेस्मेर हे पंतप्रधान असताना, अणुभट्ट्या उभारण्याचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. वीस वर्षांच्या आत तेथील सुमारे तीन-चतुर्थांश वीज अणूपासून मिळू लागली. अणूचे बळ केवढे? एक किलो युरेनियम-२३५ चे पूर्ण विभाजन झाले तर अडीच हजार टनांहून अधिक कोळशाइतकी उष्णता मिळते. साठ टनांची एक वाघीण धरली तर या चाळीसहून अधिक वाघिणी झाल्या. शिवाय भट्टीला धूर नाही, रात्र नाही की पावसाळा नाही.

परंतु या वाटेवरही काटे आहेत. हजारो वर्षे सांभाळावा लागणारा किरणोत्सर्गी कचरा हा एक. दुसरा खर्चाचा आणि विलंबाचा. फ्लामांव्हिल येथील नव्या भट्टीचे काम २००७ साली सुरू झाले. ती पाच वर्षांत पुरी व्हावयाची होती, पण तिची वीज जाळ्यात आली ती २०२४ च्या डिसेंबरात! २०२२ साली तर अनेक भट्ट्यांच्या नळ्यांत गंजाच्या भेगा आढळल्याने त्या बंद ठेवाव्या लागल्या, आणि एरवी वीज विकणाऱ्या फ्रान्सवर ती विकत घेण्याची पाळी आली.

दुसरा देश जर्मनी. २००० सालच्या कायद्याने तेथे ऊन-वाऱ्याच्या विजेला ठराविक दराची हमी मिळाली. या उत्तेजनाने सौर तबकड्यांना मोठी बाजारपेठ लाभली, आणि त्या पुढे जगभर स्वस्त झाल्या. हे जर्मनीचे जगावर उपकारच म्हटले पाहिजेत. २०२३ साली देशात वापरलेल्या विजेपैकी निम्म्याहून अधिक वीज अशा अक्षय साधनांची होती. मात्र २०११ च्या फुकुशिमा अपघातानंतर अणुभट्ट्या मिटविण्याची घाई झाली. १५ एप्रिल २०२३ रोजी शेवटच्या तीन भट्ट्या बंद पडल्या. कोळशाला मात्र कायद्याने २०३८ पर्यंत मुदत आहे. हिवाळ्यात ढग दाटतात, वारा पडतो, तेव्हा कोळसा आणि वायूच जाळावा लागतो. कोळसा घटला, हे खरे. पण चालू भट्ट्या राहिल्या असत्या तर तो आणखी घटला असता. आमच्या मते चूक ऊन-वारा निवडण्यात नव्हती. आधी काय बंद करावयाचे, हा क्रम चुकला.

आपल्याकडे तारापूरची अणुवीज १९६९ पासून आहे, आणि ऊन तर जर्मनीहून कितीतरी उदंड. अडचण आहे ती दिवेलागणीची. मागणी वाढते नेमकी तेव्हाच सूर्य मावळतो. त्यासाठी साठवण हवी. सह्याद्रीतील घाटघर येथे स्वस्त विजेने पाणी वर चढवून, गरजेच्या वेळी ते खाली सोडून २५० मेगावॅटपर्यंत वीज काढता येते. अशी साठवण जेवढी वाढेल, तेवढे ऊन रात्री उपयोगी पडेल. ती पुरेशी होईपर्यंत चालू आणि सुरक्षित अणुभट्टी मोडणे शहाणपणाचे नव्हे. नवी उभारताना मात्र पैसा, काळ आणि तेथील रहिवाशांचे म्हणणे यांचा चोख हिशेब मागितला पाहिजे.

चंद्रपुरासारख्या गावांना औष्णिक केंद्रांची राख आणि धूर आजही सोसावा लागतो. त्यांना अणू जिंकला की ऊन, याचे काय होय? म्हणून कोणतीही योजना पुढे आली की आपण एकच प्रश्न विचारावा: हिच्यामुळे कोळशाच्या किती वाघिणी कमी होतील, आणि केव्हा?