दंग्याची वार्ता मंत्र्यांस कशी पोंचते?

एखाद्या गांवीं दंगा उसळला म्हणजे ‘सरकार झोंपलें होतें काय?’ हा प्रश्न ज्याच्या त्याच्या तोंडीं येतो. आम्हां कळवेकरांस तो परका नाहीं. १९७० व १९८४ सालीं ज्या भिवंडीनें भीषण दंगे पाहिले, ती आमच्या ठाणें जिल्ह्यांतीलच. म्हणून अशी वार्ता मंत्र्यांच्या कानीं कोणत्या वाटेनें जाते, तें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

खेड्यांत शांततेस धोका दिसतांच पोलीस पाटलानें पोलीस ठाण्यास कळवावें, असें १९६७ चा ग्रामपोलीस कायदा सांगतो. शहरांत हें काम पोलीस ठाण्याचे व विशेष शाखेचे लोक करितात. तेथून वार्ता वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे, राज्य गुप्तवार्ता विभागाकडे व अखेर गृहमंत्र्यांपुढें जाते. प्रत्येक पायरीवर मजकूर थोडा मवाळ होण्याची भीति असतेच. अप्रिय बातमी वर धाडण्याची हौस कोणास असते? तारायंत्र जाऊन भ्रमणध्वनि आला, परंतु त्यावरून कंड्याही तितक्याच वेगानें धांवतात.

शिवाय बातमी कळली म्हणजे काम झालें, असेंही नव्हे. १९७० च्या ७ मे रोजीं भिवंडींत शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळीं दंगा झाला. मिरवणुकीच्या मार्गावरून व घोषणांवरून कुरबूर तर आधींपासूनच होती. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्यें मुंबई पेटली, तेव्हां मंत्री त्याच नगरींत होते. तरी ९०० माणसें प्राणांस मुकलीं. न्यायमूर्ति श्रीकृष्ण यांच्या आयोगानें पोलिसांबरोबरच राज्यकर्त्यांच्या चालढकलीवरही ठपका ठेविला.

त्याच दिवसांत भिवंडी मात्र शांत राहिली! १९८८ सालीं तेथें पोलीस उपायुक्त म्हणून आलेले श्री. सुरेश खोपडे यांनीं मोहल्लोमोहल्लीं हिंदु व मुसलमान रहिवाशांच्या समित्या स्थापिल्या. शिपाई केवळ दंडुका घेऊन न येतां ओळखीचा होऊन लोकांत बसूं लागला. लहानसहान तंटे तेथल्या तेथें मिटूं लागले. कोठें कोणती कंडी पिकली आहे, हें शेजारीच पोलिसांस सांगूं लागले. जी वार्ता गुप्तहेरास सायासानें मिळावयाची, ती येथें विश्वासानें आपण होऊन चालत आली. आमच्या मतें वरील साऱ्या साखळीची पहिली कडी हीच होय, व ती मंत्रालयांत घडवितां येत नाहीं.

मुंबईकरांसही हें पटलें. दंग्यांनंतर, १९९४ सालीं, पोलीस आयुक्त सतीश साहनी, निवृत्त अधिकारी ज्युलिओ रिबेरो व सुशोभा बर्वे यांच्या पुढाकारानें तेथेंही मोहल्ला समित्या सुरू झाल्या.