डिफॉल्ट दोस्ती!

तुमचा पहिला याहू आयडी आठवतोय? पुढे ‘कूल’, मागे ‘रॉकिंग’ आणि शेवटी जन्मवर्ष! तुमचा नसेल तर ताईला विचारा. लाजत का होईना, सांगेल.

२००० नंतरची काही वर्षं आपलं शहर, म्हणजे तेव्हाचं औरंगाबाद, चॅटिंगमध्ये पार बुडालं होतं. कॉलेज सुटलं की पावलं निराला बाजार नाहीतर सिडकोतल्या सायबर कॅफेकडे. प्लायवूडचं पार्टिशन, तेलकट कीबोर्ड आणि याहू मेसेंजरचा तो ‘बझ’... अख्खी विंडो थरथरायची! रोमन अक्षरांत ‘काय करायलास?’ टाइप करायचं, उत्तर येणार एवढ्यात लोडशेडिंग. (पार्टिशन साडेचार फुटांपेक्षा उंच नको, असा नियम केंद्र सरकारने २०११ मध्ये काढला. तोवर बऱ्याच लव्ह स्टोऱ्या उरकल्या होत्या.)

पण याहूच का? एमएसएन मेसेंजर १९९९ पासून होता, गूगल टॉक २००५ मध्ये आलं. याहू त्यांच्याहून भारी होतं असं काही नाही. आपला ग्रुप तिथे होता, बस्स.

ब्राउझरचं तर आणखी मजेशीर. कॅफेतलं ते निळं ‘ई’ म्हणजेच इंटरनेट, असं कित्येकांना वाटायचं. विंडोजसोबत इंटरनेट एक्स्प्लोरर असं गळ्यात मारावं का, यावर अमेरिकेत १९९८ पासून मोठा खटला चालला. आपल्याकडे त्याला चिकटून राहायला अस्सल मराठी कारण होतं. बऱ्याच मराठी पेपरांच्या साइट्स स्वतःचे वेगळे फॉन्ट वापरायच्या. एक्स्प्लोरर तो फॉन्ट गुपचूप ओढून घ्यायचा आणि बातमी नीट दिसायची. नोव्हेंबर २००४ मध्ये फायरफॉक्स १.० आलं. फास्ट, टॅबवालं, एकदम सही! त्यात पेपर उघडला की मात्र इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची नुसती खिचडी. मग काय, नोकरीच्या जाहिराती बघायला परत निळं ‘ई’. साइट्स युनिकोडवर आल्या तेव्हा कुठे सुटका झाली.

मोबाइलवरही तेच. नोकियावर ऑपेरा मिनी, मग स्वस्त अँड्रॉइडवर यूसी ब्राउझर. एकेकाळी भारतात मोबाइलवर सगळ्यात जास्त चालणारा हा ब्राउझर २९ जून २०२० ला ५९ चिनी ॲप्सबरोबर बंद झाला. आज क्रोम आहे, कारण फोनमध्ये ते आधीच असतं. गूगलची ॲप्स अशी आधीच बसवायला लावल्याबद्दल, आणि इतरही कारणांसाठी, भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटींचा दंड केला. किती जणांनी त्यानंतर ब्राउझर बदलला? मला तरी कुणी भेटलेलं नाही.

ब्राउझर निदान दोन मिनिटांत बदलता येतो. मेसेंजरचं काय? वाळूजच्या कंपनीतला शिफ्टचा ग्रुप, मावशीचा ग्रुप, सोसायटीतला ‘पाणी कधी सुटणार’ ग्रुप... सगळं व्हॉट्सॲपवर. जानेवारी २०२१ मध्ये प्रायव्हसी पॉलिसीवरून बोंब झाली, धडाधड सिग्नल डाउनलोड झालं. पण पाण्याचा ग्रुप काही तिकडे गेला नाही, मग माणूस तरी कसा जाणार? याहूवर ‘इनव्हिजिबल’ होता यायचं, कॅफेतून उठलं की विषय संपायचा. आता रात्री अकराला बॉस ‘फ्री आहात का’ विचारतो आणि निळ्या टिक्स आपली चुगली करतात. (त्या सेटिंगमधून बंद होतात. बॉसला लगेच कळतं, हा भाग वेगळा.)

युरोपात मार्च २०२४ पासून लागू झालेल्या कायद्याने व्हॉट्सॲपला दुसऱ्या मेसेंजरसाठी दार उघडावं लागतंय. म्हणजे ॲप वेगळं असलं तरी गप्पा होऊ शकतात. आपल्याकडे ती सोय नाही.

आणि याहू मेसेंजर? १७ जुलै २०१८ ला कायमचा बंद. जुनं चॅट उतरवून घ्यायला कंपनीने सहा महिने दिले होते, पण पासवर्ड आठवायला हवा ना! व्हॉट्सॲपवर ‘एक्स्पोर्ट चॅट’ केलं की टेक्स्ट फाइल हातात येते. या रविवारी पहिल्या जॉबचा ग्रुप उतरवून घ्या, फोन बदलायच्या आत.