भरपाईचा दावा : मिटवावा की खुला ठेवावा?

कागदावर सही करावयाची वेळ आली की शेजारपाजारचे लोक सुशिक्षित घराकडे मोठ्या आशेने पाहतात. कारखान्यात हात चेंगरलेला एखादा तरुण मालकाचा कागद पुढे करून विचारतो, "दादा, हे पैसे घेऊन मोकळा होऊ का?" त्यास काय सांगावे, याचा येथे थोडा विचार करू.

कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा १९२३ साली झाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. तथापि भरपाईची मुख्य चौकट तीच राहिली आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेतील कामगारांची वाट निराळी. येथे विचार इतरांचा आहे.

दुखापत तात्पुरती असल्यास मासिक पगाराचा चतुर्थांश दर पंधरवड्यास मिळतो, तोही फार तर पाच वर्षे. कायमची असल्यास एकरकमी भरपाई मिळते. या दोहोंतील अंतर लहान नव्हे. तीस वर्षांच्या व दरमहा १०,००० रुपये मिळविणाऱ्या कामगारास पंधरवड्याच्या हिशेबाने सहा महिन्यांत ३०,००० रुपये मिळतील. परंतु त्याचा अंगठा कायमचा निकामी ठरला, तर कायदा तो गेल्याप्रमाणेच मानतो व कमाईच्या शक्तीची हानी ३० टक्के धरतो; जुन्या कायद्याच्या कोष्टकाप्रमाणे ही रक्कम ३,७४,३६४ रुपये होते. हाताची पट्टी सुटण्यापूर्वीच चाळीस हजारांवर सही करणारा काय गमावतो, हे निराळे सांगावयास नको.

म्हणून दुखापतीचा शेवट दिसेपर्यंत दावा खुला ठेवणे शहाणपणाचे. डॉक्टरांचा दाखला जोडून पंधरवड्याच्या रकमेचा फेरविचार मागता येतो. मात्र ती वाढते तशी घटूही शकते. सहा महिने रक्कम चालू राहिल्यावर, उभयतांचे न जमल्यास, कोणाही एकास ती एकरकमी करून मागता येते. परंतु खुला ठेवणे म्हणजे स्वस्थ बसणे नव्हे. अपघातापासून दोन वर्षांच्या आत रीतसर दावा दाखल झालाच पाहिजे.

उलट, प्रकृती स्थिरावली, हानीचे प्रमाण ठरले, म्हणजे तंटा लांबविण्यात अर्थ नाही. हाती आलेल्या रकमेतून एखादा लहानसा धंदा उभा राहतो व मनही मोकळे होते.

मिटविताना एक गोष्ट विसरू नये. केवळ परस्परांत लिहिलेला कागद पुरेसा नाही. जुना कायदा ज्यास आयुक्त म्हणे व संहिता सक्षम प्राधिकारी म्हणते, त्या अधिकाऱ्याकडे कराराची नोंद व्हावी लागते. रक्कम अपुरी असल्यास किंवा सही फसवून वा दडपणाने घेतली असल्यास तो नोंद नाकारू शकतो. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार तर मुळातच रद्द.

आपल्यापैकी कित्येकांचे छापखाने वा लहान कारखाने असतील. नोंदणी त्यांच्याही हिताची आहे. १९२३ च्या कायद्याप्रमाणे नोंद न केलेल्या करारानंतरही मालकावर पूर्ण भरपाईची जबाबदारी राहते, आणि दिलेल्या पैशांपैकी सामान्यतः निम्म्याहून अधिक वजा मिळत नाहीत.

तेव्हा दारी आलेल्या त्या तरुणास तीन प्रश्न विचारावे: डॉक्टरांनी हानी कायमची की तात्पुरती हे सांगितले काय? कोष्टकाप्रमाणे रक्कम मांडून पाहिली काय? करार नोंदला जाणार काय? तिन्हींचे उत्तर होकारार्थी येईपर्यंत लेखणी त्याच्या हाती देऊ नये.