इंजिनाचा दिवा लागला, आता पुढे?

भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांतल्या खेड्यापाड्यांतून फिरलात तर बऱ्याच घरांपुढे एक मोटार उभी दिसेल. (वेल्ह्याचे नाव आता राजगड तालुका झाले आहे, पण तोंडी वेल्हेच बसलेले आहे.) यातल्या पुष्कळशा गाड्या जुन्या म्हणून घेतलेल्या. आठ-दहा वर्षे पुण्यात चालल्या आणि मग आपल्याकडे आल्या. त्यांच्यातूनच इंद्रायणीची पोती बाजाराला जातात, दुधाचे कॅन जातात, लग्नाकार्याला माणसे जातात. रात्री-अपरात्री कोणाला दवाखान्यात न्यायचे झाले तर वाडीतली माणसे याच गाडीवाल्याचे दार ठोठावतात.

अशा गाडीत एके दिवशी स्टिअरिंगमागे इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो. गाडी तर चाललेली असते. मग काही मंडळी त्यावर काळी पट्टी चिकटवतात आणि वर्षभर तशीच दामटतात. दुसरी काही घाबरून पहिल्या दिसेल त्या गॅरेजात गाडी उभी करतात, मिस्त्री म्हणेल तो सेन्सर बदलतात आणि आठ दिवसांनी दिवा पुन्हा हजर! दोघांचेही पैसे वाया जातात. पहिल्याचे उशिरा जातात, दुसऱ्याचे लगेच, एवढाच फरक. म्हणून हा दिवा काय बोलतो आणि काय बोलत नाही, ते आपण जरा नीट समजून घेऊ.

जुन्या फियाट आणि अ‍ॅम्बॅसडर गाड्यांना ही कटकट नव्हती. ऑइलचा एक दिवा, बॅटरीचा एक, बाकी सारे कानाने ओळखायचे. २००० सालाच्या आसपास कार्ब्युरेटर जाऊन पेट्रोल फवारणारी इंजेक्शनची पद्धत सर्वत्र आली. मारुती ८०० सुद्धा बदलली. इंजिनावर देखरेख करायला एक लहानसा कॉम्प्युटर बसला आणि त्याची तक्रार सांगायला हा पिवळा दिवा आला. २०१० साली पुण्यासह काही शहरांत भारत स्टेज ४ चे नियम लागू झाले, २०१७ साली ते देशभर आले. या गाड्यांना स्वतःची तपासणी करून दोषाचा आकडा साठवून ठेवण्याची व्यवस्था सक्तीची झाली. तुमची गाडी या काळातली असेल तर स्टिअरिंगखाली सोळा पिनांचा एक सॉकेट सापडेल. तो आकडा तिथून वाचता येतो.

आधी रंग पाहा

लाल दिवा आणि पिवळा दिवा यांची गल्लत करू नका. पिवळा म्हणजे दुखणे आहे, दाखवून घ्या. लाल म्हणजे आत्ता, इथेच थांबा.

लाल दिव्यांत सर्वांत वाईट तो तेलाच्या झारीचा. इंजिनात ऑइलचा दाब राहिलेला नाही, असे तो सांगतो. ऑइलवाचून क्रँकची बेअरिंगे मिनिटा-दोन मिनिटांत घासली जातात आणि पाच आकडी खर्चाचे काम निघते. घाटात हा दिवा वळणावर किंवा खड्या चढावर लुकलुकतो आणि सपाटीला विझतो. लोकांना वाटते, गेला, बरे झाले. खरे पाहता ऑइल इतके कमी झालेले असते, की गाडी कलली म्हणजे ते एका बाजूला जाते आणि पंपाच्या तोंडाशी उरतच नाही. गाडी सपाट जागी घ्या, इंजिन बंद करा, पाच-दहा मिनिटांनी मोजायची पट्टी काढून पुसा, पुन्हा घालून पाहा. ऑइल कमी असेल तर भरा. बरोबर असूनही दिवा लागत असेल तर इंजिन चालू करू नका, गाडी ओढून न्या. कधी कधी दोष केवळ दिव्याच्या स्विचचा असतो आणि तो स्वस्तात बदलतो. पण ते मिस्त्रीने दाबाचे मीटर लावून ठरवायचे, आपण रस्त्यात अंदाजाने ठरवायचे नाही.

दुसरा लाल दिवा किंवा काटा तापमानाचा. हिर्डोशीच्या पुढे वरंध घाटाकडे, किंवा वेल्ह्याहून पानशेतकडे पाबे घाट चढताना, पाच-सहा माणसे आणि मागे पोती असली की जुना रेडिएटर हात टेकतो. काटा वर सरकू लागला की एसी बंद करा आणि गरम हवेचा हीटर पूर्ण सोडा. चमत्कारिक वाटेल, घाम फुटेल, पण इंजिनाची तेवढी उष्णता आत ओढली जाते. तरीही काटा लाल रेषेवर गेलाच तर बाजूला घेऊन इंजिन बंद करा. झाकणाला अर्धा तास तरी हात लावू नका, उकळते पाणी तोंडावर उडते. तापलेल्या इंजिनावर ओढ्याचे गार पाणीही ओतू नका, हेड वाकडे होते किंवा तडकते.

बॅटरीचा लाल दिवा यांच्या मानाने सौम्य. तो लागला म्हणजे अल्टरनेटर चार्ज करीत नाही. दिवसा, दिवे-पंखे बंद ठेवून, काही अंतर जाता येते. परंतु आधी बॉनेट उघडून पट्टा जागेवर आहे ना ते पाहा, कारण काही गाड्यांत त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंप फिरतो. पट्टा तुटला असेल तर पुढच्या दोन-चार मैलांत इंजिनही तापणार.

आता घरातल्या सर्वांनीच लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट. गाडीत बाळंतपणाची बाई किंवा साप चावलेला माणूस आहे आणि दिवा लागला, तर काय करायचे? पिवळा दिवा स्थिर असेल तर वेग बेताचा ठेवून पुढे चला, माणूस आधी. लाल झारी लागली तर मात्र थांबाच. जाम झालेले इंजिन तुम्हाला दवाखान्यापर्यंत नेणार नाही, निर्जन वळणावर उभे करील. म्हणून आडगावाहून रुग्ण घेऊन निघताना, घरच्या फोनला रेंज आहे तोवरच १०८ ला फोन करून ठेवावा. रुग्णवाहिका समोरून येईल, वाटेत गाठ पडेल. केळदसारख्या टोकाच्या गावांकडे वाटेत रेंज मिळेलच असे नाही.

आकडा म्हणजे निदान नव्हे

पिवळ्या दिव्याकडे वळू. तो लुकलुकत असेल तर एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल न जळताच बाहेर पडते आहे आणि सायलेन्सरच्या वाटेवरल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आहे. तो जळाला तर बहुतेक गाड्यांत पाच आकडी रक्कम मोजावी लागते. तेव्हा पाय सैल सोडा, चढ टाळा, जमेल तितक्या लवकर थांबा. दिवा स्थिर असेल तर तितकी घाई नाही, पण आकडा वाचून घ्या.

आकडा वाचण्याचे लहान यंत्र पाचशे-हजार रुपयांपासून मिळते. ते सॉकेटमध्ये बसवले की मोबाईलवर आकडा दिसतो. गाडी आणि फोन यांचे आपसातच बोलणे असल्यामुळे वाचताना रेंज लागत नाही. एका घराला परवडत नसेल तर वाडीत चौघांत एक घ्यावे. आपण फवारणीचा पंप एकमेकांना देतोच की! मात्र आकडा वहीत लिहून घेण्याआधी तो पुसू नका. बॅटरीची वायर काढून दिवा घालवणारे महाभाग असतात. त्याने आकडा जातो, आणि दोष घडला तेव्हा गाडी किती वेगात होती, इंजिन किती तापले होते, ही नोंदही जाते. मिस्त्रीच्या हाती मग काहीच पुरावा उरत नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, आकडा आला पी ०३०३. अर्थ एवढाच, की तिसऱ्या नंबरचा सिलिंडर नीट पेटत नाही. प्लग गेला, कॉइल गेली, इंजेक्टर तुंबला की कॉम्प्रेशन कमी झाले, हे आकडा सांगत नाही. घाईचे गॅरेज चारही कॉइल बदलून मोकळे होते. एक कॉइल साधारण हजार-दोन हजारांच्या घरात, म्हणजे चारांचे किती झाले ते पाहा. शहाणा मिस्त्री काय करतो? प्रत्येक प्लगला वेगळी कॉइल असलेल्या गाडीत तो तिसरी कॉइल काढून पहिल्यावर बसवतो आणि पहिली तिसऱ्यावर. आकडा पुसून गाडी फिरवून आणतो. आता आकडा पी ०३०१ आला तर दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे कॉइलच वाईट. ०३०३ च राहिला तर कॉइल चांगली. मग हाच प्रयोग प्लगचा. प्लगचा सगळा संच काही शेकड्यांत येतो. या तपासणीला एका पैशाचा सुटा भाग लागत नाही, अर्धा-पाऊण तासाची मजुरी लागते. ती आनंदाने द्यावी.

पी ०१७१ या आकड्याने तर कित्येकांना फसवले आहे. मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी, असा त्याचा अर्थ. ही तक्रार ऑक्सिजन सेन्सरने केलेली असते, म्हणून लोक सेन्सरच बदलतात. शेताचा बांध फुटल्याचे सांगत आलेल्या गड्यालाच कामावरून काढण्यासारखे आहे हे. हवा कुठून घुसते ते आधी शोधा. एखादी रबरी नळी चिरलेली असते, हवा मोजणारा सेन्सर धुळीने माखलेला असतो, नाहीतर पेट्रोलचा पंप थकलेला असतो.

नळी चिरण्याचे आपल्याकडचे एक खास कारण उंदीर. गाडी गोठ्याशेजारी, पेंढ्याच्या गंजीला टेकून उभी. पाऊस लागला की उंदरांना उबेची जागा हवी, आणि इंजिनाइतकी उबदार जागा कोणती? वायरी आणि नळ्या कुरतडल्या की एकदम चार-पाच वेगवेगळे आकडे येतात. असे झाले तर महागड्या भागांकडे जाण्याआधी बॅटरी घेऊन वायरिंगवरून नजर फिरवा. त्याबरोबर बॅटरीचा दाबही मोजा. मोटारपंपासाठी मीटर बहुतेक घरांत असतो. इंजिन चालू असताना साधारण पावणेचौदा ते साडेचौदा व्होल्ट दिसावेत. दाब कमी असला तरी कॉम्प्युटर भलभलत्या तक्रारी करतो.

पाण्याचे आणखी एक. रस्त्यावरून ओढा वाहत असताना गाडी घातली आणि मध्येच बंद पडली, तर किल्ली फिरवू नका. हवेच्या वाटेने इंजिनात पाणी गेले असेल तर ते दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. ढकलून बाहेर काढा.

सध्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवरही पुष्कळ चर्चा ऐकू येते. इथेनॉलला विरोध करणे उसाच्या भागात राहून अवघडच! नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानेच सांगितले आहे, की मूळ साध्या पेट्रोलसाठी बनलेल्या आणि १० टक्क्यांना जुळवलेल्या चारचाकींचे मायलेज यामुळे सुमारे ६ ते ७ टक्के घटते. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या आणि वायसर यांवर लक्ष ठेवणे बरे. शिवाय इथेनॉल पाणी ओढते. पावसाळाभर गाडी उभीच राहणार असेल तर शिळे पेट्रोल टाकीत महिनोन्‌महिने ठेवू नका. डिझेल गाडीवाल्यांना इथेनॉलची चिंता नाही, पण डिझेल फिल्टरमधले पाणी वेळच्या वेळी सोडावे. पाण्याचा दिवा ज्या गाडीत आहे, त्यांनी तो मनावर घ्यावा.

गॅरेजात बोलताना

गॅरेज नसरापूरचे असो, कापूरहोळचे असो की पुण्याचे, भीड न धरता विचारा. आकडा कोणता आला? हाच भाग गेला हे कशावरून ठरवले? भागाचे किती, मजुरीचे किती? भाग कंपनीचा की लोकल? कागदावर लिहून घ्या आणि जुना भाग परत मागा. चांगल्या मिस्त्रीला याचा राग येत नाही. आपल्या तालुक्यांत असे बिनशाळेचे पण पक्के हात पुष्कळ आहेत, त्यांच्याकडे स्कॅनर नसला तरी तुम्ही आकडा घेऊन गेलात तर ते बरोबर मुळाशी जातात.

खर्चाचा अंदाज मोठा आला की घरात वाद सुरू होतो, दुरुस्त करावी की विकावी? गाडीची बाजारातली किंमत आणि बिल यांचीच तुलना करू नका. या खर्चानंतर ती अजून किती वर्षे चालेल आणि त्यातली किती वर्षे कागदाने चालेल, हे पाहा. नोंदणीला १५ वर्षे झाली की नूतनीकरण करावे लागते, ते पाच वर्षांसाठी मिळते. मोटारीसाठी त्याची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाली आहे, शिवाय पर्यावरण कर वेगळा. चौदाव्या वर्षी इंजिन बांधायला काढण्याआधी हा हिशेब हवा.

आणि जुनी गाडी विकत घेणार असाल तर सौदा ठरण्याआधी दोन गोष्टी करा. किल्ली एक टप्पा फिरवा, इंजिन चालू करू नका. इंजिनाचा, ऑइलचा, बॅटरीचा असे सगळे दिवे लागलेच पाहिजेत आणि इंजिन सुरू झाल्यावर विझले पाहिजेत. इंजिनाचा दिवा लागलाच नाही तर तो कोणीतरी काढून ठेवला आहे असे समजा. मग पायाखालची चटई उचला आणि पत्रा अंगठ्याने दाबून पाहा. इंजिन पुन्हा बांधता येते, पण आपल्या पावसात सडलेला तळ बांधून देणारा मिस्त्री सहसा भेटत नाही.