निर्मळ पाण्यातील विष

कर्जतहून खोपोलीला जाताना पळसदरी स्टेशनाजवळ काळा कातळ दिसतो. हा बेसाल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हारस. नांदेड जिल्ह्यातील किनवट भागात मात्र ग्रॅनाइट आढळतो. खडक बदलला, की त्यातून झिरपणारे पाणीही बदलते!

ग्रॅनाइटमधील काही खनिजांत फ्लोरीन असते. खोल भूजल वर्षानुवर्षे या खडकात मुरले, की फ्लोराइड त्यात विरघळते आणि विंधनविहिरीतून वर येते. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. मग कळणार कसे?

दात सांगतात! थोड्या फ्लोराइडने दात कमी किडतात. हजार लिटरच्या टाकीत एक ग्रॅम, ही आपल्याकडील पिण्याच्या पाण्याची इष्ट मर्यादा. दुसरी सोय नसेल तरच दीड ग्रॅम. लहानपणी याहून जास्त पोटात जात राहिले, तर हिरडीखाली घडणाऱ्या दातांचे कवच नीट पक्के होत नाही. त्यावर पांढरे, तपकिरी डाग पडतात. ते घासून जात नाहीत. पुढे फ्लोराइड हाडांत साठते, सांधे आखडतात, पाठ वाकते. हाच फ्लोरोसिस.

पाणी उकळले तर? जंतू मरतील, वाफ उडेल. फ्लोराइड मात्र मागेच राहील! म्हणून १९७० च्या दशकात नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने तुरटी व चुना वापरून ते गाळाबरोबर खाली बसवण्याची पद्धत शोधली.

तेव्हा गावात नवी विंधनविहीर झाली, की पाणी स्वच्छ दिसते एवढ्यावर थांबू नका. विचारा, ‘याची तपासणी झाली का?’