वस्तीच्या हौदात कोणते मासे सोडावेत?

वर्षावासात विहारात रोज ग्रंथवाचनाला माणसे जमतात आणि त्याच महिन्यांत वस्तीत तापाची साथही येते. मग महिला मंडळाच्या बैठकीत विषय निघतो, मोठ्या हौदात मासे सोडू या का? जरूर सोडा. पण मिळतील ते मासे एकत्र सोडले तर वर्गणी जाते, मासे मरतात आणि डास मात्र राहतात.

डेंग्यूचा डास गटारात नाही, स्वच्छ साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि दिवसा चावतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण ८ ते १० दिवस लागतात. म्हणून ‘तुमची वस्ती घाण, म्हणून डेंग्यू’ असे कोणी म्हणाले तर ऐकून घेऊ नका. आपण पाणी साठवतो, कारण नळाला ते रोज येत नाही.

गप्पीच का?

गप्पी मासा लहान असतो. नर सुमारे ३ सेंटिमीटर, मादी ६ सेंटिमीटरपर्यंत. तो पाण्याच्या वरच्या थरात फिरतो आणि डासांच्या अळ्याही तिथेच असतात. मोठा गप्पी दिवसाला ८० ते १०० अळ्या खाऊ शकतो. मादी अंडी न घालता थेट पिल्ले देते, त्यामुळे संख्या आपोआप वाढते. हे मासे आरोग्य केंद्रात किंवा महापालिकेच्या मलेरिया विभागात मिळतात का, याची आधी चौकशी करा. विकत घेण्याची गरज बहुधा पडणार नाही.

सोबत कोण नको?

नियम सोपा आहे. ज्याच्या तोंडात गप्पी मावतो, तो गप्पीला खातो. चिलापी, मरळ, मांगूर हे खाण्याचे मासे त्याच हौदात सोडू नका. शोभेच्या माशांपैकी ऑस्कर आणि फ्लॉवरहॉर्नही नकोत. गोल्डफिश शांत दिसतो, पण गप्पीची पिल्ले गिळतो. टायगर बार्ब गप्पी नराची लांब शेपटी कुरतडतो. गंबुशिया अळ्या भरपूर खातो, पण भांडखोर असतो आणि दुसऱ्या माशांची अंडी-पिल्लेही खातो. म्हणून हौदात एकटा गप्पीच ठेवा.

किती आणि कसे?

हौदाच्या प्रत्येक मीटर लांबीला ५ ते १० मासे पुरतात. एका नरामागे दोन-तीन माद्या असाव्यात. मासे सकाळी किंवा संध्याकाळी सोडा. पिशवी अर्धा तास हौदात तरंगू द्या, हौदाचे थोडे पाणी पिशवीत घाला, मग मासे हळूच सोडा.

त्यांना पाव, चुरमुरे, चपाती घालू नका. पोट भरलेला मासा अळ्या सोडून देतो आणि उरलेले अन्न पाणी नासवते. पिल्लांना लपायला थोडी पाणवनस्पती ठेवा, पण तिने सगळे पाणी झाकू देऊ नका. तिच्याआड अळ्याही लपतात. ब्लीचिंग पावडर टाकायची असेल तर मासे आधी बादलीत काढा. क्लोरीनने ते मरतात.

पिण्याच्या पाण्यात मासे नकोत. ते भांडे घट्ट झाका. घरचे पिंप आठवड्यातून एक दिवस रिकामे करून आतून घासा आणि कोरडे करा, कारण अंडी कडेला चिकटून राहतात आणि सुकली तरी अनेक महिने जगतात. जास्त झालेले गप्पी नदी-ओढ्यात सोडू नका. हा मासा मूळ दक्षिण अमेरिकेचा आहे, आपल्या देशी माशांचे खाणे आणि जागा तो बळकावतो. ते दुसऱ्या वस्तीच्या हौदासाठी द्या.

पहिल्या शीलाचे काय?

काही उपासिका विचारतात, अळ्या मारणे ही हिंसा नाही का? बाबासाहेबांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे. लेकरांना डेंग्यूपासून वाचवणे ही गरज आहे. मात्र न जुळणारे मासे एका हौदात कोंडून त्यांना एकमेकांकडून मारवणे, ही गरज नाही.

ताप आलाच तर

डेंग्यूची शंका असेल तर तापाला फक्त पॅरासिटामॉल द्या. ॲस्पिरिन, आयब्रुफेन देऊ नका, त्याने रक्तस्राव वाढू शकतो. ताप उतरला की धोका टळला असे समजू नका, तेच दिवस जपण्याचे असतात. पोटात जोराचे दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, लघवी कमी होणे, गुंगी, यांपैकी काहीही दिसले तर त्याच क्षणी रुग्णालय गाठा.

या वर्षावासात वाचन संपल्यावर पाच मिनिटे टॉर्च घेऊन हौद पाहा. अळ्या वळवळताना दिसल्या तर मासे कमी पडताहेत. आणि प्रभाग कार्यालयात रोज पाणी देण्याच्या मागणीचा अर्जही द्या, पोच घ्यायला विसरू नका. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी जो हक्क बजावला, तो पाण्याचाच होता. गप्पी मासे अळ्या खातील, पण नळाला पाणी आणण्याचे काम आपल्यालाच करावे लागेल.

जय भीम!