रोकडीवाचून व्यवहार आणि ओळखीचा प्रश्न

रोकड हाती न घेता देवघेव करणे ही काल-परवाची कल्पना आहे, असा समज विद्यार्थिवर्गात आढळतो. वस्तुतः आपल्या पेढीवाल्यांनी हुंडीच्या रूपाने हा व्यवहार कित्येक पिढ्या चालविला. पुण्याच्या सावकाराने लिहिलेला कागद काशीच्या पेढीवर दाखविला की तेथे रुपये मोजून मिळत. वाटेत लुटारू भेटलाच तर त्याच्या हाती केवळ एक चिठ्ठी लागे. ती चिठ्ठी चोराला निरुपयोगी का ठरे, हे समजून घेतले म्हणजे आजच्या व्यवहारातील निम्मी गुंतागुंत उलगडते.

हुंडीत रक्कम लिहिण्याची तऱ्हा मौजेची होती. रुपये शंभर, ज्यांचे निम्मे पन्नास, त्यांचे दुप्पट, असे लिहीत. म्हणजे मागाहून एखादे शून्य वाढवून कोणास फसविता येऊ नये. शहाजोग हुंडी असेल तर ती आणणारा मनुष्य बाजारात पत असलेला आहे, याची खात्री करूनच पैसे द्यावे लागत. हुंडी गहाळ झाली तर तिची पैठ, आणि पैठही हरवली तर परपैठ मिळे. राजदरबारच्या कागदांवर प्रारंभी शिक्का आणि मजकूर संपे तेथे मोर्तब असे, की ज्यामुळे खाली कोणी एखादी ओळ घुसडू नये. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आपण आजही वापरतो तो तेथूनच आला. गावचा पाटील नांगराची निशाणी करी. या सर्व योजनांचा भार शेवटी एकाच गोष्टीवर होता: समोरच्या माणसाला कोणीतरी ओळखत होते.

आता कडोलीच्या बाजारात यावे. भाजीच्या टोपलीपाशी काळ्या-पांढऱ्या चौकटीचा एक कागद उभा असतो. त्या चौकटीत पैसा नसतो. असतो तो केवळ पत्ता. आपला फोन तो पत्ता वाचतो, मध्यस्थ यंत्रणा तो कोणत्या बँकेतील कोणत्या खात्याचा आहे हे शोधते, आपण आपला गुप्त अंक दाबतो, आणि आपल्या खात्यातून वजा झालेली रक्कम विक्रेतीच्या खात्यात जमा होते. यूपीआय नावाची ही व्यवस्था राष्ट्रीय पेमेंट्स कॉर्पोरेशनने ११ एप्रिल २०१६ रोजी मुंबईत सुरू केली. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला पाचशे व हजाराच्या नोटा रद्द झाल्या आणि १ डिसेंबरला ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यातल्या धसई गावाला महाराष्ट्राचे पहिले रोकडरहित गाव म्हणून घोषित करण्यात आले. धसईचा प्रयोग कार्ड घासण्याच्या यंत्रांवर उभारलेला होता; पुढे नोटा परत आल्या तसे तेथील अनेक दुकानदार पुन्हा रोकडीकडे वळले. खरा पसारा वाढला तो या साध्या छापील चौकटीमुळे. तिला ना यंत्र लागते, ना वीज. ऑगस्ट २०२५ मध्ये अशा व्यवहारांची संख्या एका महिन्यात दोन हजार कोटींच्या पुढे गेली.

परंतु पत्ता कोणाचा हे चौकटीकडे पाहून डोळ्यांना कळत नाही. एखादा भामटा रात्रीतून मूळ कागदावर आपला कागद चिकटवून जातो आणि दिवसभराची विक्री त्याच्या खात्यात पडते. म्हणून गुप्त अंक दाबण्यापूर्वी फोनवर उमटणारे नाव वाचावे. ही तर आपली जुनी शहाजोग हुंडीच झाली!

नावाचा विषय निघालाच आहे, तर आम्हां सीमाभागातील लोकांची एक अडचण सांगितली पाहिजे. आमची मातृभाषा कोंकणी. ती देवनागरी, रोमी, कानडी अशा निरनिराळ्या लिपींत लिहिली जाते, त्यामुळे एकच नाव तीन वेषांत वावरते, याची आम्हांस लहानपणापासून सवय आहे. मराठी घरांचीही येथे तीच गत आहे. शाळेच्या दाखल्यावर नाव मराठीत, आधारपत्रावर कानडी व इंग्रजीत, आणि बँकेच्या पुस्तकात कारकुनाला जमेल त्या इंग्रजीत. गावाचे नावही स्थिर नाही. १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावचे अधिकृत नाव बेळगावी झाले. माणसाला हा भेद जाणवत नाही, पण यंत्राच्या लेखी एक अक्षर बदलले की माणूस बदलला. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिना दोन हजार रुपये ऑगस्ट २०२३ पासून थेट खात्यात जमा होऊ लागले, तेव्हा नावे जुळविण्यासाठी कार्यालयांत हेलपाटे घालणाऱ्या माउल्या आम्ही पाहिल्या आहेत. त्यांनी कोणास फसविले नव्हते. स्वतःलाच स्वतःची ओळख पटवून देण्याचा प्रसंग त्यांच्यावर आला होता.

देशातील पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे देण्यात आला. त्याच्या पाठीशी बोटांचे ठसे आणि डोळ्यांतील बुबुळांची प्रतिमा असते. ठशाची ही कल्पना तरी आपल्या देशातीलच. विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने १८५८ मध्ये बंगालात जंगीपूर येथे एका कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा करारनाम्यावर घेतला, तो पुढे त्याने सही नाकारू नये म्हणून. आज गावोगावी प्रतिनिधीच्या लहानशा यंत्रावर बोट ठेवून आधारच्या आधारे खात्यातील पैसे काढता येतात. ज्यांना अक्षरओळख नाही त्यांची यामुळे मोठी सोय झाली, यात संशय नाही. मात्र जन्मभर माती, विळा आणि राखेने भांडी घासण्यात झिजलेली बोटे यंत्राला पुष्कळदा उमगत नाहीत, आणि दुसरीकडे तोच ठसा चोराला उचलता येतो. २०२३ मध्ये बंगळूर येथे अशा तक्रारी पुढे आल्या की, नोंदणी केलेल्या खरेदीखतांच्या प्रतींवरून ठसे उचलून लोकांच्या खात्यांतील रकमा काढण्यात आल्या. गुप्त अंक फुटला तर नवा घेता येतो; अंगठा नवा कोठून आणावा? यासाठी आधारच्या संकेतस्थळावर ठसे कुलूपबंद करण्याची सोय आहे. हवे तेव्हा ते तात्पुरते उघडता येतात. ज्यांना अंगठ्याने पैसे काढावे लागत नाहीत, त्यांनी हे कुलूप लावलेच पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

यंत्रणाच फोडली जाते असेही घडते. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून बनावट कार्डांच्या साहाय्याने अठ्ठावीस देशांतील यंत्रांमधून आणि हाँगकाँगमधील एका खात्यामार्फत मिळून सुमारे ९४ कोटी रुपये काढून नेण्यात आले. अशा दरोड्यापुढे सामान्य खातेदार काय करणार? तो बँकेचा व शासनाचा प्रश्न आहे. परंतु आमच्या घरांवर येणारे संकट बहुधा दुसऱ्या वाटेने येते. तेथे यंत्र फुटत नाही, माणूस फुटतो.

पोलिसी गणवेशातील कोणीतरी फोनच्या पडद्यावर दिसतो, आपल्या नावावर गुन्हा असल्याचे सांगतो, खोलीबाहेर पडण्यास व कोणाशी बोलण्यास मनाई करतो. यालाच ‘डिजिटल अटक’ म्हणतात. अशी अटक भारताच्या कोणत्याही कायद्यात नाही. तरीही मार्च २०२५ मध्ये आमच्याच जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात एका वृद्ध दांपत्याची लक्षावधी रुपयांची पुंजी अशा धमक्यांपायी गेली आणि अखेर दोघांचे प्राणही गेले. त्यांचे पैसे कोणी हिसकावले नव्हते. त्यांच्याच हातून ते पाठवून घेतले होते. भय आणि एकांत ही या चोरांची मुख्य हत्यारे होत. शेजारच्याला हाक मारली असती तर, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

दुसरा प्रकार लोभाचा किंवा घाईचा. ‘पैसे स्वीकारण्यासाठी गुप्त अंक दाबा’ असे सांगणारा मनुष्य खोटे बोलत असतो, कारण तो अंक पैसे देतानाच लागतो, घेताना कधीही नाही. एवढी एक गोष्ट घरातील वडीलधाऱ्यांना समजावून सांगणे आठवीतील मुलालाही शक्य आहे.

आणि फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ फोन करावा. तेथे तक्रार नोंदली गेली की रक्कम कोणत्या खात्यातून कोणत्या खात्यात गेली याचा माग काढून, ती जेथे अजून शिल्लक असेल तेथे बँका ती रोखून धरतात. चोर ती झपाट्याने अनेक खात्यांतून फिरवून काढून घेत असल्यामुळे येथे दिवस नव्हे, मिनिटे मोजावी लागतात. म्हणून हा क्रमांक आजी-आजोबांच्या फोनमध्ये आजच नोंदवून ठेवावा. त्या गोंधळात तो शोधत बसण्यास सवड मिळत नाही.